दुसरी चकती

“तुमच्याशिवाय या धंद्यात आणखी कोण आहे?” करसल्लागार मुलीनं विचारलं आणि मी म्हणाले, “कोणी नाही.” धाकटी माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. खोली इतकी लहान की तिचं कोपर माझ्या कोपराला लागत होतं. उत्तर देताना मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. चाळीस वर्षं कुठला ना कुठला कागद मला हेच विचारत आला आणि चाळीस वर्षं माझ्या हातानं हेच लिहिलं. पण लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो. त्या दिवशी तो त्या खोलीत स्वच्छ ऐकू आला, आणि ऐकणाऱ्या तिघींमध्ये मीही होते. मुलीचं पेन थांबलं. तिनं धाकटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “आणि या काकू?” “ही माझी जाऊ. मला मदत करते.” धाकटीनं मान हलवली, हजेरीत नाव पुकारल्यावर शाळेतल्या मुली हलवतात तशी, एकदाच, आणि ती भिंतीवरच्या कॅलेंडरातलं पुलाचं चित्र पाहू लागली. सहासष्ट वर्षांची बाई, गुडघे धरलेले, पण घरात ती अजून धाकटीच. मी बहात्तर वर्षांची थोरली. आम्हाला थोरली-धाकटी म्हणणारं आता घरात कुणी उरलं नाही, नावं तेवढी उरली आहेत.

आम्ही डोळे करतो. ज्यांचा एक डोळा अपघातात किंवा आजारात गेला त्यांच्या खोबणीत बसेल आणि उरलेल्या डोळ्याशेजारी शोभेल असा डोळा. इस्पितळ माणूस पाठवतं, आम्ही घरच्याच खोलीत काम करतो आणि महिनाअखेर बिल देतो. नोकर नाही, कंत्राटदार. इतकी वर्षं त्यांना माझं नाव आणि माझी सही पुरत होती. मग नवे व्यवस्थापक आले आणि त्यांचं पत्र आलं: पुढचं पाच वर्षांचं कंत्राट कोणत्या स्वरूपाच्या व्यवसायाशी करायचं ते कळवा, करकपात त्याप्रमाणे होईल. मला वाटलं, स्वरूप काय कळवायचं, दोन म्हाताऱ्या आणि एक खिडकी. पण मुलीनं कोऱ्या कागदावर तीन उभे रकाने आखले. पहिला एकल मालकीचा. “यात कायद्याच्या नजरेत तुम्ही आणि तुमचा धंदा एकच. धंद्याची मिळकत ती तुमची मिळकत, तिच्यावर तुमचाच कर. सगळ्यात स्वस्त आणि सोपं. फक्त एक, तुम्ही गेलात की धंदाही गेला. कंत्राटही गेलं.” हे तिनं इतक्या सरळ सांगितलं की वाईट वाटायला वेळच मिळाला नाही. दुसरा रकाना भागीदारीचा, तो तिनं जरा घाईनंच ओलांडला. तिसरा कंपनीचा. “कंपनी म्हणजे वेगळी व्यक्ती, काकू. तिचा कर वेगळा, तिचं कर्ज वेगळं. तिच्यावर खटला झाला तर तुमच्या घराला हात लागत नाही. तुम्ही असा-नसा, ती राहते.” “म्हातारी होत नाही?” मी विचारलं. “नाही.” “आणि डोळे?” धाकटी पुलाकडे पाहतच म्हणाली, “डोळे असतात का तिला?” मुलगी खळखळून हसली. मी हसले नाही. एका टेबलावर, एका शाईच्या पेनानं, ज्याला जन्म-मरण नाही असं कुणी तरी कागदावर उभं करता येतं, हे ऐकून माझ्या अंगावर बारीक काटा आला होता.

तसा काटा मला याआधी एकदाच आला होता. पन्नास वर्षं झाली. नवी सून म्हणून मी या घरात आले तेव्हा इथं दातांच्या कवळ्या व्हायच्या. सासरे त्या कामातले जाणकार. जिन्यात पाऊल ठेवलं की मेणाचा आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा वास यायचा, आणि जेवणाच्या टेबलाशेजारच्या फळीवर दहा-बारा हसणी वाळत असायची. मला पहिले आठ दिवस घास गिळवेना. एकदा इस्पितळाचे डोळ्यांचे डॉक्टर सासऱ्यांना म्हणाले, “ज्या प्लॅस्टिकचे दात करता त्याचाच डोळा का नाही करत? काच फुटते, हे फुटणार नाही.” सासऱ्यांनी साचा काढला, पांढरं कवच केलं, गुळगुळीत घासलं, आणि बुबुळाशी येऊन अडले. ते जन्मभर हिरड्यांचा गुलाबी सोडून कुठल्या रंगाला शिवले नव्हते. मी शाळेत चित्रं बरी काढायची, एवढंच लग्न ठरताना सांगितलं गेलं होतं. त्यांनी नखाएवढी चकती माझ्यासमोर ठेवली. “सूनबाई, बघ जमतं का.” खिडकीजवळ समोर एक सुतार बसला होता, एका डोळ्यावर पट्टी. त्याच्या चांगल्या डोळ्यात मी पाहिलं. परक्या पुरुषाच्या डोळ्यात इतकं जवळून, इतका वेळ पाहायची मुभा मला कुणी कधी दिली नव्हती. लांबून तपकिरी दिसणाऱ्या बुबुळात मध-वाळू-राख असं सगळं होतं, बाहुलीभोवती झालर होती, कडेला पावसाळी ढगाची निळसर रेघ होती. चकतीवरचा रंग सुका असतो तोवर मेलेला दिसतो. त्यावर पाण्याचा एक थेंब सोडायचा, म्हणजे पुढं काचेसारखा थर चढल्यावर तो कसा दिसेल ते कळतं. मी थेंब सोडला आणि चकतीनं माझ्याकडे पाहिलं. तेव्हा आला होता तो काटा. सुताराला डोळा बसवला त्या दिवशी त्यानं आरसा हातात घेतला, बराच वेळ धरला, आणि परत देताना म्हणाला, “आता लोक माझ्याशी बोलताना दुसरीकडे बघणार नाहीत.” डोळ्याला दिसत काहीच नाही, पण त्याच्यामुळे माणूस दिसू लागतो. ही गोष्ट मला पन्नास वर्षांत जुनी झालेली नाही.

धाकटी चार वर्षांनी आली. वीस वर्षांची, हडकुळी, आणि बोलायला अशी की सासरे म्हणायचे, हिची कवळी केली तर महिन्यात झिजेल. तिला शिरांचं काम दिलं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लाल रेशमाचे केसाहून बारीक तंतू सोडवून बसवायचे असतात, ज्याच्या-त्याच्या डोळ्यातल्या शिरांसारखे. दमेकऱ्याच्या वेगळ्या, ड्रायव्हरच्या वेगळ्या, कालच रडलेल्याच्या वेगळ्या. ते काम घरात हलकं समजलं जायचं, कारण बुबुळ मी काढायची. पहिल्या दिवशी माणूस माझ्यासमोर बसायचा, दुसऱ्या दिवशी शिरांसाठी तिच्यासमोर, मग माझी चकती पांढऱ्यात बसवणं, वरचा थर चढवणं, गरम पाण्यात शिजवणं, घासणं, हे सगळं तिचं. सासरे गेले, कवळ्या बंद झाल्या. माझा दीर, तिचा नवरा, लग्नाच्या आठव्या वर्षी आजारानं गेला. पुढं हेही गेले. माझा मुलगा लांब, त्याला डोळ्यांची भीती वाटते. मधल्या काळात बँकेचे, कराचे, इस्पितळाचे कागद माझ्यासमोर यायचे, कारण मी थोरली, आणि मी सही करायची, कारण माझ्यासमोर आले. यात लबाडी नव्हती. आज वाटतं, लबाडी असती तर बरं होतं, एक ना एक दिवस ती टोचली तरी असती.

सल्लागार मुलीनं कंपनीकडे कल दाखवला होता. “तुमच्यानंतर या काकूंचं काय, याचाही विचार करा,” असं ती जिन्यापर्यंत येऊन मला हळूच म्हणाली. मीही मनात कंपनीच धरली होती. शंभरातले नव्वद भाग माझे, दहा धाकटीचे. मला स्वतःचं औदार्य फार आवडलं. त्यासाठी धंद्यातल्या सगळ्या वस्तूंची यादी लागणार होती, कारण त्या माझ्याकडून त्या न मरणाऱ्या बाईकडे जाणार होत्या. धाकटी इस्पितळात एक डोळा पोचवायला गेली होती. सकाळचं उत्तरेचं ऊन, म्हणजे ऊन नव्हेच, नुसता स्वच्छ उजेड, खिडकीतून टेबलावर आला होता. आमचं सगळं काम त्याच्यावर चालतं. मी लिहीत गेले: घासायचं यंत्र एक, शेगडी एक, साचे इतके, ब्रश इतके, रेशमाची रिळं चार. मग कप्प्यांचं कपाट. पूर्वी त्यात दात असायचे, खण बोटभर रुंद. सर्वांत खालचे दोन कप्पे न जमलेल्या चकत्यांचे. सासऱ्यांचा नियम होता की काढलेलं बुबुळ जमलं नाही तरी फेकायचं नाही; त्याच्यासाठी कुणी तरी तासभर पापणी न हलवता बसलेलं असतं. वर्षाला दोन-तीन बिघडायची, तेवढीच तिथं जमा. कित्येक वर्षांत मी तिथवर वाकले नव्हते. कप्पा ओढला तर तो जड लागला. भरलेला होता. दुसराही तसाच. एकेका खणात एकेक चकती, खाली धाकटीच्या अक्षरात चिठ्ठी: शाळामास्तर. विणकामवाली. गॅरेजवाला. जुळ्यांपैकी लहान. मी चकत्या ओळखल्या. आपण काढलेलं बुबुळ आई लेकराचा आवाज ओळखते तसं ओळखता येतं. शाळामास्तरांच्या बुबुळातला तो तिळाएवढा डाग मी दोन दिवस खपून काढला होता. ती चकती मास्तरांच्या चेहऱ्यात असायला हवी होती. ते दर वर्षी डोळा घासून घ्यायला येतात, मी तोंडभर विचारते, काय म्हणतोय आमचा डोळा? आणि आमचा डोळा इथं होता. सगळेच इथं होते. गेल्या काही वर्षांत ज्या-ज्या माणसांच्या तोंडावर मी स्वतःची कारागिरी पाहून मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली, ती सगळी कारागिरी दोन कप्प्यांत रांगेनं निजलेली, कप्पे उघडताच माझ्याकडे बघत होती.

मी तिथंच जमिनीवर बसले. राग आला नाही, हे मला आधी कळलं. मग उठून मी टेबलावरचं फडकं बाजूला केलं. परवा मी एका नर्सची चकती रंगवून ठेवली होती, राखाडी डोळ्यांची बाई. फडक्याखाली दोन चकत्या होत्या. मी दोन्ही तळहातावर घेतल्या, खिडकीत नेल्या, दोन्हींवर एकेक थेंब सोडला. सारख्याच. तिरक्या धरल्या, लांब धरल्या, चष्मा काढला, घातला. दोन्ही राखाडी, दोन्ही चांगल्या, केसाचा फरक नाही. कोणती माझी तेवढं ओळखू आलं, ब्रशच्या वळणावरून. आणि त्यांच्यात फरक काय ते मला दिसत नव्हतं, हाच तो फरक होता. इतकी मोठी गोष्ट इतक्या लहान जागेत मावलेली मी दुसरी पाहिली नाही. इतक्यात जिन्यात तिची पावलं वाजली, गुडघ्यामुळे एक जड, एक हलकं.

ती दारातच थांबली. तिनं कप्पा पाहिला, माझा तळहात पाहिला, आणि पिशवी खुंटीला अडकवली. “चहा टाकू का आधी?” ती म्हणाली. “कधीपासून?” मी विचारलं. “त्या बस चालवणाऱ्या बाईपासून. सहा वर्षं झाली. डोळा बसवून गेली आणि आठ दिवसांनी परत आली. तुम्ही घरी नव्हतात. म्हणाली, काकू, माझा डोळा विझल्यासारखा दिसतो. उजेडात नेऊन बघितलं, तर खरंच. तुम्ही निळ्याच्या जागी काळा घालायला लागला होतात, वहिनी. मोतीबिंदू पिकला की निळा मरतो म्हणे. मी डॉक्टरांना विचारलं, म्हणजे आपलं सहज, दुसऱ्या कुणाचं म्हणून.” “आणि मला नाही सांगितलंस.” “सांगितलं की! चार वेळा म्हटलं, डोळे दाखवा. तुम्ही म्हणालात, मी काय डोळ्यांना ओळखत नाही का?” हे मी म्हटलं होतं. अगदी याच शब्दांत. गावाचे डोळे करणारी बाई, आणि तिच्याच डोळ्यांत जाळं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. “मग माझं काढलेलं फेकून तरी द्यायचंस.” “मामंजींचा नियम होता ना,” ती म्हणाली. तिला चोरी लपवायची होती, पण नियम मोडायचा नव्हता; सहा वर्षं ती पुरावा खणाखणात चिठ्ठ्या लावून ठेवत आली होती. असा चोर फक्त आमच्याच घरात निपजायचा. मला हसू आलं.

मी म्हटलं, “कंपनी करू. निम्मी तुझी.” एका सकाळीत मी दहावरून पन्नासावर आले होते. ती स्टुलावर बसली, गुडघा चोळला. ती एरवी बोलते ते पाण्यासारखं, अडवलं तरी वाहतं. आता ती एकेक शब्द चिमट्यानं उचलावा तशी बोलली. “मला भाग नको. सहा वर्षं मी प्रत्येक काम दोनदा केलंय, वहिनी. एकदा तुमच्यासमोर, एकदा तुमच्या पाठीमागं. आता मला एकदाच करायचंय. समोर. रंग माझ्याकडे द्या.” मी म्हटलं, “ऑपरेशन करून घेते. पुढच्याच आठवड्यात. मग दिसेल मला निळा.” “करा. कधीचं करायला हवं होतं. पण दिसायला लागला म्हणून रंग परत मागायचा नाही. नाही तर मग राहू द्या आहे तसं. तुमची एकटीची मालकी, स्वस्त नि सोपी. मी मदत करीन.” शेवटचा शब्द तिनं जरासुद्धा जोर न देता उच्चारला.

तशी सोपी वाट होती खरी. एकल मालकीच्या कागदावर एकच ओळ जास्तीची होती: सदर काम मी स्वतः करते. खाली सही. मी तीन दिवस तो कागद टेबलावर ठेवला. मी ब्रश धुतले, वाळवले, पुन्हा धुतले. रंग गेला तर माझ्याजवळ काय राहतं याचा मी हिशेब करू लागले आणि भलतंच आठवत गेलं. किती तरी माणसं समोर बसलेली, त्यांची पापणी, त्यांचा श्वास, त्यांच्या चांगल्या डोळ्यात दिसणारी लहानशी खिडकी आणि खिडकीसमोर लहानशी मी. मला वाटायचं, मी त्यांना पाहते. आणि त्याच खोलीत, चार हातांवर, शेहेचाळीस वर्षं एक माणूस लाल रेशीम सोडवत बसलं होतं, ते रंग शिकत होतं हे मी पाहिलं नाही. कुणी शिकवलं तिला? मीच, पाठमोरी असताना. तिनं माझ्या चुकांवरून माझं बरोबर शोधून काढलं होतं. मास्तरांच्या डोळ्यातला तीळ तिनं पुन्हा काढला होता, मी काढला होता नेमक्या त्याच जागी. मी चांगली असताना जशी काढायची तशी ती सहा वर्षं काढत होती. मी स्वतःचा हात विसरले होते, तो तिनं जपला होता. असं कुणासाठी कुणी करतं का? मी करीन का? नाही केलं, आणि केलं नसतं. या उत्तरापुढं मला आपलं सगळं कसब फार लहान वाटलं, आणि आश्चर्य म्हणजे, लहान वाटून हलकंही वाटलं. तिसऱ्या दिवशी मी ब्रश तिच्या टेबलावर नेऊन ठेवले आणि तिचं रेशमाचं रीळ माझ्याकडे आणलं. ती म्हणाली, “तंतू तोडताना दम धरायचा, वहिनी. तुम्हाला घाई फार.”

सल्लागार मुलीनं डोक्याला हात लावला. “भागीदारी? काकू, करात फायदा नाही, घराला संरक्षण नाही. दोन्हीकडून तोटा. कंपनी करा ना.” मी सांगितलं की आम्हाला ती न मरणारी तिसरी बाई नको, आम्ही दोघीच पुरे; तो दुसरा रकाना आम्हाला नीट वाचून दाखव, तू तो घाईनं ओलांडला होतास. तिनं वाचला. फर्मचा करक्रमांक वेगळा. फर्म आपला कर भरेल, आणि मग नफा दोघींत वाटला जाईल. कंत्राट फर्मशी होईल. कोणतं काम कोण पाहील ते करारनाम्यात लिहायचं. तिथं तिनं माझ्या सांगण्यावरून लिहिलं, रंगकाम: धाकट्या भागीदार. एकीच्या पश्चात दुसरीला नवी भागीदार घेऊन धंदा चालवता येईल, तसं कलम घालू. “आणि हे नीट ऐका,” मुलगी म्हणाली, “यासाठीच मी नको म्हणतेय. भागीदारीत एकीनं धंद्यात काही चूक केली तर तिची भरपाई दुसरीवरही येते. अगदी घरदार विकून. दुसरीला ती चूक माहीत नसली तरीसुद्धा. तुम्हाला हे चालेल?” मी खिडकीबाहेर पाहिलं. कुणी तरी कधी तरी बसून, विचार करून, हे वाक्य कायद्यात लिहिलं असेल. त्याला काय ठाऊक, की ते वाक्य आमच्या खोलीत कागद होण्याआधी सहा वर्षं नांदत होतं.

धाकटी पुढं सरकली. “थांब गं. म्हणजे, यांनी चूक केली तर मी भरायची?” “हो.” “ते ठीक. आणि मी केली तर?” “तर या भरणार. थोरल्या काकू.” धाकटीनं माझ्याकडे वळून पाहिलं, अगदी समोरून, आणि मी पहिल्यांदाच नीट पाहिलं की तिच्या बुबुळाच्या कडेला काही तरी आहे, जे मला काळं दिसतं आणि बहुतेक काळं नसणार. “अगंबाई,” ती म्हणाली, “म्हणजे आता मलाही चुकता येईल.” आणि तिनं पेन मागून घेतलं.